वहाणांच्या राशीपाशी

लामू बेटावर मौलूदच्या रात्री
मशिदीबाहेर वहाणांची रास पडते.
टायर कापून केलेल्या, प्लास्टिकच्या,
एखादा जोड चामड्याचा, बहुतेक मोम्बासाहून आलेला.
आत खंजिऱ्या, गुलाबपाण्याचा शिडकावा,
आणि जन्माआधीच बाप गेलेल्या एका मुलाची गोष्ट,
चढत्या सुरात.

ब्वानाहेरी आत जायचा नाही.
म्हणजे जायचा, नमाजाला, पाचही वेळा.
पण त्या रात्री तो राशीशेजारी बसे,
मांडीवर पोतं, दातांत मेणाचा दोरा,
आणि चाचपून चाचपून
तुटलेला अंगठा शोधून काढी.
मी नऊ वर्षांचा. बाप समुद्रात गेलेला, आई त्याच्याही आधी.
कंदील धरायचं काम माझं.
कुणाची आहे ही, मी विचारी.
पायाची, तो म्हणे.

एकदा चिडून विचारलं:
इतके लाडके होते देवाचे,
तर आधी बाप, मग आई, मग आजोबा,
धरलेलं एकेक बोट सोडवत नेलं,
ही कसली माया?
त्यानं टाका ओढला. बराच वेळ काहीच नाही.
गल्लीत कुठेसं गाढव ओरडलं.
मग म्हणाला, मला काय ठाऊक, मी मोची.
पण ज्याचं कुणी नसतं
त्याला दारात उभं राहिलेलं पोर दिसतं.
बाकीच्यांना नुसतं दार दिसतं.

त्याच वर्षी मला हिवताप.
म्वानाखामिसनं दोन कांगा टाकल्या अंगावर,
तिसरी आपल्या खांद्यावरची.
माझे दात वाजत होते आणि ती सांगत होती,
पैगंबरसुद्धा असेच थरथरत आले डोंगरावरून,
म्हणाले, पांघरूण घाला मला.
बायकोनं घातलं.
एवढंच सांगितलं तिनं, आणि पाणी गरम करायला गेली.
शब्द उतरतो तेव्हा आधी थंडी वाजते,
हे मी त्या रात्रीपासून धरून आहे,
खरं असो नसो.

आत जन्माचा प्रसंग आला की सगळे उभे राहतात.
ब्वानाहेरीचे गुडघे गेलेले,
तरी भिंत धरून उठायचा,
एका हातात कुणाची तरी वहाण, तिला लोंबणारी सुई.
एवढ्या मोठ्या चरित्रात, तो म्हणे,
मला एकच ओळ पुरली.
घरी काय करत, असं बायकोला कुणी विचारलं,
तर म्हणाल्या, आपली वहाण आपण शिवत.
ह्या ओळीवर चाळीस वर्षं पोट भरलं माझं.

आता त्या रात्रीचं.
आत तायफ आलं होतं.
पोरांनी धोंडे मारले, वहाणा रक्तानं भरल्या,
तरी तोंडून शाप निघाला नाही.
मी कंदील खाली केला आणि ओळखली:
रुंद पट्टा, पितळी बक्कल. कोंबोची.
ज्यानं आमच्या गाळ्याला टाळं ठोकलं,
आणि भर बाजारात म्हणाला,
पायातली वहाण पायातच बरी.
मी कंदील फिरवला दुसरीकडे.

इकडे धर, ब्वानाहेरी म्हणाला.
धरला.
मी टाके मोजत होतो. इतरांना चार घालायचा.
कोंबोला सहा.
का, म्हटलं, एवढे का?
चामडं कुजकं आहे, तो म्हणाला.

आज राशीपाशी मी बसतो.
कंदील लागत नाही, मोबाइलचा उजेड पुरतो.
कोंबोचा नातू येतो, वहाण पायात सरकवतो,
शिवलेली आहे हे त्याला कळतही नाही.
मला अजून सहावा टाका नीट जमत नाही.
पाचव्यालाच हात अडतो,
आणि आत गोष्ट पुढे निघून जाते.