हातचा एक

तीस सप्टेंबरच्या आत वार्षिक विवरण गेलं पाहिजे,
आज अठ्ठावीस.
बोट दोन दिवस लागली नाही,
वारा वाढला की इंटरनेटही मुख्य बेटावरच राहतं.

मी थोरा हार्कस. हेल्सीच्या चर्चची खजिनदार, तेवीस वर्षं.
त्याआधी धक्क्यावर तिकिटं फाडायची.
हिला सुटे पैसे मोजता येतात,
एवढ्यावर मंडळीनं वही हातात दिली.

सभासद किती?
गेल्या साली सोळा.
मार्चमध्ये इंगा फोबिस्टर गेली.
रॉबी ड्रेव्हरला मुलीनं ॲबर्डीनला नेलं, खुर्चीसकट.
चौदा लिहिते.
दोन हातचे.

हितसंबंधांबाबत धोरण आहे काय?
आहे. लॅमिनेट करून किटलीच्या मागे लावलंय.
काम नातलगाला जात असेल तर विश्वस्तानं तसं सांगावं
आणि मतदानाला खोलीबाहेर जावं.
जानेवारीत छपराच्या पाट्या उडाल्या.
चढणारा माणूस बेटावर एकच, मॅन्सी सीटर,
माझा चुलतभाऊ,
अध्यक्षबाईंचा जावई,
उरलेल्या तिघांचा कुणाचा भाचा, कुणाचा साडू.
ठराव मांडला, आणि धोरणाप्रमाणे
एकेक जण उठून बाहेर गेला.
आत राहिले पाळकसाहेब. ते ग्लासगोचे,
त्यांना मत नाही.
आम्ही पाचजण गारांत, भिंतीला पाठ लावून,
एकमेकांकडे न बघता.
आत बादलीत थेंब पडताना ऐकू येत होते.
शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या,
आपण सगळे सगळ्यांचे लागतो, असं लिहून टाक.
लिहिलं. कार्यालयानं काही हरकत घेतली नाही.

राखीव निधी किती, आणि कशासाठी?
चार हजार एकशे बारा पौंड.
कशासाठी, याला जागा दोनशे अक्षरांची.
दोन वादळं आणि एक बॉयलर.
बाकी जागा मोकळी सोडली.

सशर्त निधी.
एकोणीसशे चोपन्न, जेसी ग्रोट, विधवा:
उत्तरेच्या खिडकीतल्या दिव्याच्या तेलासाठी,
दुसऱ्या कशासाठीही नाही.
पुढे वीज आली. खिडकीत बल्ब लागला.
पैसे तसेच, व्याजासकट तीनशे सहा.
हिशेब तपासायला येणारा मुलगा चांगला आहे,
कर्कवॉलहून येताना बिस्किटं आणतो.
म्हणाला, अर्ज करा, अट उठते,
बॉयलरला वापरता येतील.
अर्ज घेतला. सगळा भरला.
एका चौकटीत नुसती खूण करायची होती:
मूळ हेतू आता उरलेला नाही.
पेन तिथं टेकवलं
आणि चहा ठेवायला उठले.

म्हणून यंदा खर्चाच्या बाजूला एक ओळ नवी.
रॉकेल, एक लिटर. पावती जोडली आहे.
एकोणीस जानेवारीला,
जेसीच्या नवऱ्याची बोट गेली ती तारीख,
बल्ब बंद केला.
काडी इंगानं ओढली, तिसरी पेटली.
काच काळी झाली, वासानं सगळ्यांना खोकला,
पाळकसाहेबांनी प्रार्थना आवरती घेतली.
त्या रात्री समुद्रावर कुणीच नव्हतं.
मॅन्सीला दोनदा विचारून खात्री केली.

आता शेवटचा रकाना.
या खर्चाचे लाभार्थी किती?
शून्य टाकलं
तर पान पुढं सरकत नाही.
लाल अक्षरांत म्हणतं, संख्या लिहा.
खिडकी धाडधाड वाजतेय. बोट उद्याही नाही.
मी बेरीज पुन्हा वरून केली,
चौदा, चार हजार एकशे बारा, रॉकेल,
ताळा जमतो.
एक लिहिलं.
कोण, ते विचारत नाहीत.

गेलं.
पोच क्रमांक वहीत उतरवला.
बाटलीत तेल बोटभर आहे अजून,
ते पुढच्या सालात ओढावं लागेल.