टोकं

दांडिया बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावर,
कुमुदबेन इस्त्री तापवते.
कागदाचा कपटा चिमट्यात धरते;
पिवळा पडला, म्हणजे जास्त.

बारीक बट. पुढे कंगवा, मागोमाग चिमटा.
मुळाकडचे केस मुकाट ऐकतात,
मागच्या दिवाळीनंतरचेच ते.
टोकांशी मात्र ती थबकते.
"इथं पोरी घाई करतात, मग खराटा होतो."

टोकं पाच वर्षांची.
विश्वामित्रीचं पाणी जिना चढताना त्यांनी पाहिलंय,
खंभातचं घर, तिथलं खारं बोअर,
आणि शिवणाच्या कात्रीपासून
वाचली ती रात्र.

"अर्धा इंच उडवू?"

नको. आज फोटोपुरती सरळ कर.
संध्याकाळी दमट हवा लागली की
जातीलच आपल्या वळणावर.