दोर कुठं बांधू

कराडच्या ठेकेदाराची तेरा वर्षं वापरलेली जीप.
डाव्या दाराला सुतळी,
मागच्या सीटखाली अजून त्याचीच वाळू.
आई म्हणाली, एवढ्यात दोन स्कूटर आल्या असत्या.
आल्या असत्या.
आणि चाळकेवाडीच्या चढाला दोन्ही आडव्या झाल्या असत्या.

महागाईच्या फरकाचे अठ्ठावीस हजार हातात होते.
लसीकरणाच्या वहीत, मागच्या पानावर,
लाळ्या-खुरकूतच्या आकड्यांखाली मी यादी केली:
टपावर दिव्यांची पट्टी, पुढं विंच,
उंच करणाऱ्या स्प्रिंगा,
आणि हत्तीच्या सोंडेसारखा तो हवेचा पाइप
(उरमोडी मला कधी आडवी आली नव्हती,
तरी हवा होता).

दस्तगीर शिकलगारनं वही लांब धरून वाचली.
"डॉक्टर, ही यादी जीपची आहे का वरातीची?"
मग बोटानं टायर खरवडला:
"आधी हे. गुळगुळीत झालेत, आंब्याच्या कोयीसारखे.
मग चासीला हुक, दोन पुढं, दोन मागं.
आणि चिखलात हवा कमी करायला शिका.
ती विद्या फुकट आहे."

टायर घेतले. हवेचा काटाही घेतला.
हुकांचं काही मनावर घेतलं नाही.
उरलेल्या पैशांत पट्टी आली,
आणि संध्याकाळी पोवई नाक्यावरून मी
उगाच दोन चकरा मारल्या.

श्रावणात, रात्री सव्वाअकराला, सोपान जानकरचा फोन.
"म्हशीचा एक पाय आलाय, तोंड कुठं दिसंना."
ठोसेघर मागं पडलं आणि धुकं पुढ्यात बसलं.
पट्टी लावली.
सगळं पांढरं झालं,
चुन्याच्या भिंतीत गाडी घातल्यासारखं.
पट्टी विझवली तेव्हा कळलं,
रस्ता केव्हाच सोडलाय.
वर पवनचक्कीचं पातं फिरत होतं, नुसता आवाज,
खाली लाल चिखलात चारही चाकं पोटापर्यंत.
हवा सोडली. वीतभर हललं, आणि अजून खाली गेलं.

तातोबा ट्रॅक्टर घेऊन आला, खांद्यावर दोर.
जीपभोवती दोनदा फिरला, बॅटरी मारून पाहिलं,
बंपरला टिचकी मारली, पत्रा वाजला.
मग सरळ उभा राहून त्यानं विचारलं,
"ताई, दोर कुठं बांधू?"

इतकी वर्षं हा प्रश्न मी दुसऱ्यांच्या गोठ्यात सोडवत आले.
खांद्यापर्यंत हात, डोळे मिटलेले,
हा गुडघा का कोपर, हा पुढचा का मागचा,
खुराच्या वरच्या सांध्यापाशी एक फास, त्याच्यावर अर्धा,
की ओढताना हाड दुखावू नये.
आणि माझ्याच गाडीला
धरायला जागा नव्हती.

तातोबा चिखलात आडवा झाला.
गाल मडगार्डला टेकवून, हात आत,
तोंडानं हळूहळू काहीतरी पुटपुटत.
मला ते तोंड ओळखीचं वाटलं.
"घावला," म्हणाला, "पाट्याचा कान."
मी ओरडले, "झटका नको! कळ आली की ओढा!"
तो ट्रॅक्टरवर चढताचढता इतका हसला
की त्याचा पाय घसरला.

जीप निघाली. बंपर तिथंच राहिला.
रेडी पहाटे साडेतीनला झाली, जिवंत,
जीभ सुजलेली, मागचे पाय फताडे.
सोपाननं चहात गूळ टाकला, मी दोन कप प्याले.

सोमवारी दस्तगीर काही बोलला नाही.
माझ्या सलवारीवरचा लाल डाग पाहिला
आणि ड्रिल लावलं.
वेल्डिंग नको म्हणाला, बोल्टच हवेत:
वेल्डिंग सुटलं तर हुक बंदुकीच्या गोळीसारखा येतो,
ओढणाऱ्याच्या अंगावर.
चार हुक, बोल्टांसकट, बेचाळीसशे.
त्यांना त्यानं पिवळा रंग दिला,
"अंधारात हाताला आधी डोळे लागतात."

पट्टी आता सोपानच्या गोठ्यात आहे.
परवा म्हणाला,
म्हशीला तो उजेड सोसत नाही,
लावला की पान्हा चोरते.