रश्श्याची गाठ

नोटीस कानडीत आली, शिक्का निळा.
शिवलिंगानं वाचून दाखवली, तवा उतरवता उतरवता:
पंधरा तारखेपासून पिशवी दिसली की दंड,
दुसऱ्यांदा दिसली की दुप्पट,
तिसऱ्यांदा कुलूप.
"तिसऱ्यांदा कशाला, अक्का," तो म्हणाला,
"पहिल्या दंडातच कुलूप आपलं."

खानापूरच्या स्टँडामागं माझी खानावळ.
चार बाकडी, बाकी सगळा धंदा पार्सलचा.
भाकरी कागदात जाते, भात पानात जाईल,
चटणी काय, मुठीतही जाईल.
पण रस्सा?

बावीस वर्षं मी रस्सा पिशवीत बांधत आले.
आत थोडी हवा ठेवायची,
रबर तीनदा फिरवायचं, चौथ्यांदा उलटं घालून
शेपटी बाहेर काढायची.
ओढली की सुटते, आपटली तर सुटत नाही.
अख्ख्या गावात ही गाठ माझी एकटीची.
खोटं कशाला बोलू, मला तिचा गर्व होता.

मागच्या श्रावणात मलप्रभा ओसरली
तेव्हा घाटाकडच्या करंजाला,
माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर,
पिशव्या लटकत होत्या वटवाघळांसारख्या.
एक हाताला लागली. चिखल पुसला.
तीन वेढे, चौथा उलटा, शेपटी बाहेर.
पुरानं झाड वाकवलं होतं.
माझी गाठ नव्हती सुटली.

कुणाला बोलले नाही तेव्हा.
नोटीस आली त्या रात्री शिवलिंगाला सांगितलं.
तो घंगाळ घासत होता. "इर्ली बिडक्का," म्हणाला,
आणि घासतच राहिला.

मग शोधाशोध.
जांबोटीकडच्या बायका पळसाची पानं देतात शेकड्यावर,
टाचायचं त्यांच्याकडूनच शिकले, हिराच्या काडीनं,
दोन बोटं सोलून.
परसू कुंभार दह्याला मडकुली द्यायला तयार झाला,
फुटली तर फुटली, गावचीच माती.
उसाच्या चोयट्याच्या वाट्या घेऊन
बेळगावचा एक पोरगा आला, बूट चकचकीत.
त्याच्यासमोरच मी उकळता रस्सा ओतला वाटीत.
अकरा मिनिटं. मग बूड भिजलं.
"बैलूरची बस किती वेळ घेते, ठाऊक आहे?"
तो बुटाकडं बघत राहिला, बुटावर तर्री होती.

शेवटी भिशीचा नंबर लागला, त्यात
शहापूरहून साठ डबे आणले, स्टीलचे, कडीचे.
प्रत्येक झाकणावर खिळ्यानं आकडा ठोकला.
अनामत पन्नास. डबा आला की पन्नास परत.
वहीत सकाळी मी मराठीत नावं लिहिते,
संध्याकाळी शिवलिंगा कानडीत.
त्याला माझं वाचता येत नाही, मला त्याचं.
बेरीज जुळते.

पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक निम्मं.
"रश्श्याला अनामत? सोनं घातलंय काय आत?"
लॉरीवाला मक्तुम चार लोकांत बोलला,
आणि दुसऱ्या दिवशी घरून किटली घेऊन आला.
चौतीस नंबर चेपून आला.
एकवीस नंबर आलाच नाही,
नंदगडात कुणाच्या तरी कोंबड्या त्यात पाणी पितात म्हणे.
रात्री हिशेब करताना
माळ्यावरच्या उरल्या पिशव्यांच्या बंडलाकडं
माझी नजर गेली नाही असं नाही.

मग शुक्रवारी गंगव्वा तळवार आली,
नऊ नंबरचा डबा घेऊन. हाताला जड लागला.
झाकण काढलं, आत ओल्या शेंगा, माती लागलेल्या.
"हे काय, गंगव्वा?"
"रिकामं भांडं परत द्यायचं नसतंय," ती म्हणाली,
"हॉटेल चालवतीस, एवढं ठाऊक नाही?"
पन्नास मोजून घेतले आणि गेली.

वहीत रकाने तीनच:
डबा गेला, डबा आला, पन्नास.
शेंगा कुठं लिहायच्या?
शिवलिंगानं कानावरची पेन्सिल काढली,
वही थोडा वेळ बघितली, पेन्सिल परत कानावर ठेवली.
दोन शेंगा फोडल्या, एक मला दिली.
"मग बघू, अक्का. रस्सा उतू चाललाय."