समुद्रसपाटीपासून

मिशनच्या दवाखान्यातून रद्दीबरोबर आलेली पेटी
वेंगुर्ल्याच्या वाचनालयात सात वर्षे टेबलाखाली होती.
सचिव म्हणाले, जर्मनमध्ये आहे, कोण वाचणार?
मी वाचतो. कस्टममधून निवृत्त झाल्यावर शिकलो,
दुपारच्या झोपेऐवजी क्रियापदे.

आल्प्समधले एक शिखर, पित्स सूर्दा.
मोठ्या नकाशांत नावही नाही, नुसता ठिपका
आणि आकडा : ३०४१. समुद्रसपाटीपासून.
पहिली चढाई डॉक्टरच्या मामाची, ऑगस्ट १८८३.
असे मामा लिहितो. क्लबाच्या वार्षिकात तेच,
नंतरच्या प्रत्येक पुस्तकात तेच,
एकाने दुसऱ्याचे उतरवून घेतलेले,
शुद्धलेखनाच्या चुकीसकट.

पण मामाच्या खिशातल्या वहीत, पेन्सिलीने :
धुके. वाटाड्या पुढे, बर्फात पायऱ्या खोदत.
माथ्यावर तीन दगड, एकावर एक,
आणि त्यापुढे कसरीने खाल्लेले भोक.

वारा दगड पाडतो, रचत नाही.

मी पत्रे लिहिली.
त्या खोऱ्यातल्या पाद्रीबाईंचे आठ महिन्यांनी उत्तर आले :
वाटाड्याचा बाप्तिस्मा दप्तरात आहे, मृत्यूही आहे,
मधले काही नाही.
स्फटिक शोधणारे जात वर, चुकल्या शेळीमागे पोरे जात,
कळवावे असे त्यांना वाटले नसावे.

उंची कुठल्या समुद्रापासून मोजली, हेही कुणी लिहीत नाही.
माझ्या दारचा तर दिवसातून दोनदा जागा बदलतो.
अमावास्येला मांडवीच्या शेवटच्या पायरीवर,
आणि सहा तासांनी होड्या चिखलात कुशीवर.

काल सगुण आरोंदेकर आमचे माड पाडायला आला होता.
चहा पिताना त्याला सगळे सांगितले,
मामा, धुके, तीन दगड.
बशी खाली ठेवून म्हणाला,
"चडलो खरो. पण पाडल्यान काय?"

मला उत्तर सुचले नाही.
तो पुढच्या माडाकडे गेला.
खोडावर पाय ठेवायच्या खाचा आहेत,
त्याने केलेल्या नव्हेत, त्याच्या बापानेही नव्हेत,
पण पाय बरोबर बसतो म्हणतो.

रात्री वहीचे नवे पान काढले.
पित्स सूर्दा. पहिली चढाई.
पुढची ओळ मोकळी सोडली
आणि तिच्या खाली मामाचे नाव लिहिले, तारखेसह.
मग पानांत एक डांबरगोळी ठेवली.
हवा खारी आहे इथली,
कसर आमच्याकडेही आहे.