वळताना

पौड रस्त्याला लागून, पिरंगुटच्या उतारावर माझं शेड.
जॅकवर चढवलेली बग्गी,
दोघं शेजारी शेजारी बसतात ती,
खिंवसराशेठच्या रिसॉर्टवरची, नंबर चार.
चाकं काढलेली. पोटाखाली मी.

या मोसमातला हा तिसरा शाफ्ट.

वैजूनं आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं.
पाहुण्यांना चिखलातून, दगडांवरून फिरवून आणायचं काम तिचं,
गाडीचं दुखणं तिला आधी कळतं.
"सरळ चालते तेव्हा गप्प असते, दादा.
वळवली की टकटक करते."
मी म्हटलं, घेऊन ये.
शेठ म्हणाले, शनिवार-रविवार जाऊ दे.
रविवारी कोथरूडच्या एका नव्या जोडप्यासकट
ओढ्याच्या मधोमध उभी राहिली.
इंजिन ओरडतंय, चाक ढिम्म.

रबरी बूट फाटलेला, नखाएवढा.
तेवढ्यातून अख्खा ओढा आत गेला होता.
ग्रीस कसलं, काळं पिठलं,
बोटांत चोळलं तर रेती करकरते.
पिंजऱ्यातून सहा गोळ्या निघाल्या,
वाटीत मोजून ठेवल्या.
वाटी घरची, बायकोनं तिची आशा कधीच सोडलीय.
पाच गोल,
सहावी चिंचोक्यासारखी चपटी.

सर्क्लिप उडाली ती उडालीच.
जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून
अर्धा तास जमीन झाडली:
तीन खिळे, एक नट, एक रुपया.
सापडली माझ्याच बाहीच्या घडीत.

नवा शाफ्ट परदेशातून येणार, तीन आठवडे.
म्हणून भोसरी. दस्तगीर अत्तारांचं लेथ.
तुटलेला तुकडा त्यांनी उजेडात धरला.
दाते तिरके झालेले,
करंजीला मुरड घालावी तसे.
"हा ठोकून नाही गेला," म्हणाले, "पिळून गेलाय."

शेठ फोनवर:
असा बनवा की जन्मात तुटणार नाही.
दस्तगीरभाईंनी लेथ बंद केलं.
"बनवतो. मग पुढं गिअरबॉक्स तुटेल.
त्याची किंमत ठाऊक आहे ना?"
फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज.
"काहीतरी तुटायचंच, शेठ.
स्वस्तातलं कुठलं, ते आपण ठरवायचं."

पाणी दिल्यावर त्यांनी तो पुन्हा तापवला.
गव्हाळ झाला, जांभळा झाला, निळा झाला,
तरी बाहेर काढेनात.
निळ्याच्या पुढं, पार राखाडी होईपर्यंत थांबले.
माझं लक्ष त्यांच्या उजव्या अंगठ्याकडं.
अर्धाच आहे तो.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

शाफ्टचा दोष नव्हताच पण.
फोटोत रुबाबदार दिसावी म्हणून शेठनी
गाडी चार बोटं उचलून घेतलेली.
आवण लावताना वैजूची आई दिवसभर वाकते,
पण संध्याकाळी कमरेवर हात देऊन सरळ होते.
हा सांधा रात्री शेडमध्ये उभ्या गाडीतही वाकलेला.
सांगून पाहिलं. दोनदा.
"गिऱ्हाईक उंचीला भुलतं हो," म्हणाले.

मग शाफ्ट बसवला,
नवा बूट, नव्या गोळ्या, पट्टी आवळली,
आणि कुणाला न विचारता
गाडी दोन बोटं खाली घेतली.
बिलात लिहिलं: ग्रीस.

शेडमागच्या मोकळ्या रानात
वैजूनं स्टिअरिंग पुरतं तोडलं,
डावीकडं एक वेढा, उजवीकडं एक.
मी कान देऊन उभा.
ओढ्यापलीकडं टिटवी ओरडली, तेवढीच.

"बोलली का काही?"
"अजून तरी नाही," वैजू म्हणाली,
आणि पुन्हा वळवली.