अर्धं शटर

तक्रार आली ती लेखी.
"खिडकी क्रमांक चार. बाई झोपतात."
खाली सही, मोबाइल नंबर,
आणि 'झोपतात'खाली दोन रेघा.

वडाळ्याच्या वीजबिल केंद्रात मी एकोणीस वर्षं बसते.
काचेतल्या वीतभर भोकातून
लोकांचे हात ओळखते, चेहरे नाही.
झोपले असते तर हिशोब लागला असता का?
(तसा एकदा नव्हताच लागला.
शंभराची एक नोट दोन दिसली
आणि मी दोन्ही मोजल्या.)

शेजारच्या रेवाळेकाकू म्हणाल्या, दृष्ट आहे.
मीठमोहरी तडतडली, पापणी जागची हलली नाही.
चष्मेवाला म्हणाला नंबर वाढलाय, अठराशे रुपये.
नणंद म्हणाली, अगं वय; मलाही बघ,
आणि तिने दोन्ही डोळे टक्क उघडून दाखवले.
एका माणसाला वाटलं मी डोळा मारला.
तो सुटे न घेताच गेला.

सकाळी मात्र काहीच नसतं.
हीच तर पंचाईत.
परळला नऊच्या ओपीडीला मी चांगली टक्क जागी पोचते
आणि डॉक्टर विचारतात, कुठाय?
संध्याकाळी ती खरोखर उतरते
तेव्हा केसपेपरची खिडकी बंद होत असते.
तिथल्या बाईचा एक डोळा घड्याळावर.
मला तिचं कळतं.

तिसऱ्या खेपेला एक पोरगेली डॉक्टर भेटली,
तिरोडकर, कोटाच्या खिशाला शाईचा डाग.
म्हणाली, जुने फोटो आणा. कुठलेही.
मी भाच्याच्या लग्नाचा अल्बम नेला.
ती लग्न बघतच नव्हती. ना शालू, ना नवरी.
पानापानातून फक्त मला शोधत गेली.
(मला असं कुणी शोधल्याचं आठवत नाही.)
हळद, सकाळी आठ: दोन डोळे.
अक्षता, बारा सदतीस: दोन डोळे.
रिसेप्शन, रात्री दहा:
आइस्क्रीमची वाटी धरून मी, डावा डोळा अर्धा.
तीन वर्षांपूर्वीचा अल्बम.
घरात किती जणांनी चाळला असेल.

मग म्हणाली, वर बघा. पापणी हलवायची नाही.
वर पंखा. पंख्याला जाळं. जाळ्यात कबुतराचं पीस.
पंखा बंद होता म्हणून एवढं दिसलं.
चाळीसपर्यंत मोजलं असेन नसेन,
पीस वरून मिटायला लागलं –
पाचला दोन मिनिटं असताना
आमचा शिपाई शटर अर्ध्यावर ओढतो ना,
रांगेतल्यांना कळावं म्हणून, तसं.

बर्फ हवा होता. वॉर्डात नव्हता.
मावशी खाली जाऊन सरबतवाल्याकडून घेऊन आल्या,
रबरी हातमोज्यात भरला, बोटं गच्च फुगली.
तो गार पंजा डोळ्यावर धरून मी दोन मिनिटं बसले.
गालावरून पाणी.
समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला वाटलं रडतेय.
"होतं सगळं ठीक," तो म्हणाला.
पंजा काढला, तर पीस अख्खं.

केसपेपरवर तिने एक लांबलचक नाव लिहिलं
आणि पुढे प्रश्नचिन्ह.
म्हणाली, नसेचा निरोप स्नायूपर्यंत जातो,
पण दिवसभर जाऊन जाऊन थकतो.
रक्त तपासू, छातीचा सीटी काढू,
मग यातलं काहीतरी खोडू,
प्रश्नचिन्ह, नाहीतर नाव.
'थकतो' हा शब्द मी घरी येईस्तोवर तोंडात धरला.
एकोणीस वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं,
तेही खाली सही करून.

रिपोर्टला दहा दिवस आहेत.
हर्षाली शिफ्ट संपवून येते साडेअकराला.
तोवर ती मला अर्धीच दिसते, किंवा दोन.
काल मी सव्वाअकरालाच फ्रीजमधला ट्रे काढला,
रुमालात चार खडे बांधले,
दिवा न लावता डोळ्याला धरले.
हा इलाज नाही, चाचणी आहे,
डॉक्टरने बजावलं होतं. माहितीये.

बेल वाजली. दार उघडलं.
पाचेक मिनिटं मिळतात.
ती म्हणाली, आई, तोंड का ओलं?
मी म्हटलं थांब जरा,
आत नको येऊस लगेच,
तिथेच, उजेडात.